सुई गेली तरी बर्फाचा डबा सुटत नाही

एकांनी म्हटलंय, बिनसुईची लस (सुईऐवजी यंत्राच्या बारीक, जोरदार फवाऱ्याने टोचलेली) म्हणजे सुईला घाबरणाऱ्यांचे लाड. मला नाही पटलं. माझी वहिनी जत तालुक्यात नर्स आहे. मे महिन्यात वाडीवस्तीवर लस न्यायची म्हणजे खांद्याला आइसपॅक भरलेला डबा. पोहोचल्यावर ती आधी बाटलीवरचं चिन्ह बघते: जांभळ्या वर्तुळात फिकट चौकोन. उष्णता लागून चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद.

एमआरएनए लशीची, म्हणजे पेशीला विषाणूचं प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या रेणूच्या लशीची, तर मेखच इथे आहे. तो रेणू उघडा टोचला तर शरीरातली एन्झाइम त्याचे लगेच तुकडे पाडतात, म्हणून त्याला चरबीच्या अतिसूक्ष्म कणात गुंडाळतात. पेशी तो कण आत ओढून घेते आणि मग रेणू सुटतो. हे नाजूक प्रकरण टिकावं म्हणून फायझरची अशी कोरोनावरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. जतला ती कोण नेणार? पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने मात्र भुकटी करून २ ते ८ अंशांत टिकणारी एमआरएनए लस काढली. २०२३ साली मंजूर झालेली त्यांची ओमिक्रॉनवरची लस तर बिनसुईच्या यंत्राने कातडीतच द्यायची म्हणून बनवलेली. (२ ते ८ अंशांनाही लाइट लागतेच म्हणा!)

वहिनीला विचारलं तर ती म्हणते, ‘सुई राहू दे भाऊजी, डबा तेवढा घालवा.’