आयोडिन-१३१ ने थायरॉईडची निरोगी बाजूपण जाते का? (तातडीने मदत हवी आहे)

अवनी_क
राणीचा थायरॉईड वाढलाय, म्हणून पुढच्या आठवड्यात आयोडिन-१३१ (किरणोत्सर्गी आयोडिन) चं इंजेक्शन आहे, डोस ४ मिलीक्युरी. स्कॅनमध्ये गाठ फक्त डावीकडे दिसली, उजवी बाजू चांगली आहे. मग ती पण जळणार का? कुणी म्हणतं काही होत नाही, कुणी म्हणतं जन्मभर गोळी लागते. हो की नाही, एवढंच सांगा.

रसायनवेडा
राणी मांजर की कुत्री? वय? टी-४ (थायरॉईडचं हार्मोन) किती?

अवनी_क
मांजर. १२ वर्षं. टी-४ आता नॉर्मल आहे.

मनूची_आई
आम्हीपण केलंय हे. घरी आणल्यावर काही दिवस तिची शी-शू हातमोजे घालून उचला, मांडीवर झोपू देऊ नका, घरात गरोदर बाई असेल तर लांब ठेवा.

अवनी_क
ते पत्रक मिळालंय. मी उजव्या बाजूचं विचारतेय.

पाऊलवाट
आधी पोटॅशियम आयोडाइड द्या. अणुभट्टीच्या अपघातात माणसांना देतात तेच. ग्रंथी सुरक्षित.

रसायनवेडा
अजिबात देऊ नका! साध्या आयोडिनने निरोगी भागासोबत गाठही भरून जाईल, मग औषध शिरणार कुठे?

पाऊलवाट
मी ग्रंथी वाचवण्याबद्दल बोलतोय.

रसायनवेडा
आणि आजार तसाच ठेवायचा?

पशुमित्र
टी-४ नॉर्मल कशामुळे? मेथिमाझोल (हार्मोन कमी करणारी गोळी) चालू आहे का? सगळं त्यावर आहे. गाठ बेसुमार हार्मोन बनवते तेव्हा मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) सोडणं थांबवते. टीएसएच नाही म्हणून निरोगी भाग झोपतो, आयोडिन फारसं ओढत नाही आणि वाचतो. गोळीने टी-४ खाली आला की टीएसएच परत वाढू शकतो, आणि जागा झालेला निरोगी भागही डोस ओढून घेतो. आयोडिन-१३१ मधून निघणारे बीटा कण ऊतीत जेमतेम दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे शेजारच्या पॅराथायरॉईड ग्रंथींची काळजी नको.

काळाच्या_ओघात
निरोगी ग्रंथीचं काय होतं हे अमेरिकेतल्या हॅनफर्ड अणुकेंद्रात मेंढ्यांवर पाहिलंय, १९५० च्या दशकात. रोज आयोडिन-१३१ खायला घालायचे. मोठ्या डोसात ग्रंथी नष्ट होऊन तिथे नुसती तंतुमय ऊती उरायची. बिचाऱ्या मेंढ्या.

मनूची_आई
अहो, घाबरवू नका तिला. मेंढ्यांचा इथे काय संबंध?

काळाच्या_ओघात
त्यांच्या ग्रंथी निरोगी होत्या, हाच संबंध.

अवनी_क
हो, मेथिमाझोल चालू आहे. स्कॅनच्या वेळीपण चालू होती. पण ग्रंथी गेली तर थायरॉक्सिन (टी-४ ची गोळी) देता येतं ना? मग एवढं काय?

पशुमित्र
देता येतं, पण मूत्रपिंड बघा. हार्मोन कमी पडलं की मूत्रपिंडातलं गाळण मंदावतं आणि लपलेला विकार उघडा पडतो. १२ वर्षांच्या मांजरीत हे हलकं घेऊ नका. इंजेक्शनआधी टीएसएच करून घ्या, कुत्र्याच्या टीएसएचची चाचणी मांजरांनाही वापरतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) किती आहे?

शेवटचा_बाक
एकच बाजू असेल तर शस्त्रक्रिया करा, गाठ काढा, प्रश्न मिटला.

पशुमित्र
सुमारे ७० टक्के मांजरींत दोन्ही बाजू बिघडलेल्या असतात. एका स्कॅनवर भूल देऊन गळा उघडायचा?

अवनी_क
टीएसएच आला, मोजता येण्याइतका आहे. डॉक्टरांनी इंजेक्शन पुढे ढकललंय, गोळी बंद करून पुन्हा टीएसएच बघणार. क्रिएटिनिन उद्या कळेल. ४ ऐवजी २ मिलीक्युरीने गाठ पुरती जाते का? कुणाच्या मांजरीला एवढाच डोस दिलाय?