पहिला मान अमेरिकेचा नाही

जूनटीन्थला, म्हणजे तिथली गुलामी संपल्याच्या १९ जूनच्या स्मृतिदिनाला, २०२१ मध्ये राष्ट्रीय सुट्टी देऊन अमेरिकेने जगाला वाट दाखवली, असं म्हटलं जातं; ते काही पटलं नाही. त्रिनिदादमध्ये गुलामीमुक्तीची १ ऑगस्टची सुट्टी १९८५ पासून आहे. मॉरिशसमध्ये ती १ फेब्रुवारीला असते. १८३५ साली त्या दिवशी तिथली गुलामी संपली. म्हणजे कागदावर. पुढे चार वर्षं 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली माणसं त्याच मालकांकडे राबत होती.

तिथे ल मॉर्न नावाचा डोंगर आहे, अगदी समुद्रालगत. पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपारीत लपायचे. सुटकेची बातमी घेऊन शिपाई वर आले, ते धरायलाच आले असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथे सांगतात. शिवाय २ नोव्हेंबरला गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, आगमनाची वेगळी सुट्टी असते. तिथल्या मराठी घरांचे कोकणातून गेलेले पूर्वज त्यांच्यातलेच.