बागेतून आलेले निकाल जुन्या कमिटला कसे जोडायचे?

प्रश्न

नाशिककडच्या द्राक्षबागांत बसणाऱ्या हवामान यंत्रांचं फर्मवेअर (यंत्रातच बसणारा प्रोग्राम) आमची छोटी टीम लिहिते. तापमान, आर्द्रता, पानांवरचा ओलावा मोजायचा आणि डाऊनीचा (केवडा रोगाचा) धोका बागायतदाराला वेळेत कळवायचा. प्रत्येक यंत्रात, बिल्ड (तयार प्रोग्राम) गिटमधल्या ज्या कमिटवरून (कोडच्या साठवलेल्या नोंदीवरून) झालं त्याचा हॅश (ओळखक्रमांक) भरलेला असतो.

कोडची खरी परीक्षा बागेत होते आणि निकाल कमिटनंतर बऱ्याच दिवसांनी हाती येतो. ‘पहाटेच्या दवानंतर ओलाव्याचा आकडा खाली उतरलाच नाही’, ‘सलग ढगाळ हवेतही बॅटरी टिकली’, असे. हे कमिट मेसेजमध्ये घालायला अमेंड केलं (झालेलं कमिट बदललं) की हॅश बदलतो, आणि यंत्रात तर जुनाच हॅश बसलेला आहे. सध्या सगळं एक्सेलमध्ये आहे, पण त्याच्या प्रती इतक्या फिरतात की खरी कोणती हेच ठरत नाही. बागायतदाराने फोन केला की त्याच्या यंत्रातल्या कोडबद्दल काय काय कळलंय ते मला लगेच दिसायला हवं. काय करावं?

प्रतिसाद १

गिट नोट्स (कमिटला नंतर जोडायची टिपणं) वापरा, तुमची गरज नेमकी तीच आहे. हॅश निघतो तो फाइलींचा ट्री, पालक (आधीचं) कमिट, लेखक, कमिट करणारा, वेळा आणि मेसेज यांवरून. नोट यातल्या कशालाच हात लावत नाही. ती वेगळ्या ठिकाणी, `रेफ्स/नोट्स/कमिट्स` या रेफखाली (गिटमधल्या नावाच्या खुणेखाली), त्या कमिटच्या हॅशच्या नावाने साठवली जाते.

`गिट नोट्स ॲपेंड -एम "…" <हॅश>` असं लिहा. ‘ॲड’पेक्षा ‘ॲपेंड’ बरं, कारण आधीची नोट असेल तर ‘ॲड’ अडतं आणि मग लोक ‘-एफ’ लावून जुना मजकूर घालवतात. `गिट लॉग`मध्ये नोट मेसेजच्या खाली आपोआप दिसते. ही सोय 1.6.6 पासून आहे, त्यामुळे तुमच्याकडे ती असणारच.

प्रतिसाद २

माझा सल्ला उलटा आहे. गिटहबने (गिटचे रेपो ठेवायच्या वेबसाइटने) 2014 मध्ये नोट्स दाखवणं बंद केलं. टीममधले लोक ब्राउझरमध्येच कमिट बघत असतील तर नोट्स लिहून कोणाला दिसणार? इश्यू ट्रॅकरमध्ये (अडचणी नोंदवायच्या यादीत) हॅश टाकून लिहा.

प्रश्नकर्ती

बागेत रेंज नसते. लॅपटॉपवरचं रेपो (कोड आणि त्याचा इतिहास) तेवढं सोबत असतं, म्हणून मला ते गिटमध्येच हवंय. नोट लिहून पाहिली, छान दिसली. पुश केलं (सर्व्हरवर पाठवलं), पण सहकाऱ्याकडे काहीच आलं नाही.

प्रतिसाद १

साधं पुश नोट्स नेत नाही, आणि क्लोनमध्येही (रेपोच्या नव्या प्रतीतही) त्या येत नाहीत. वेगळं सांगावं लागतं: `गिट पुश ओरिजिन रेफ्स/नोट्स/कमिट्स`.

आणताना मात्र जपा. कॉन्फिगमध्ये `+रेफ्स/नोट्स/*:रेफ्स/नोट्स/*` लिहायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्या अधिक चिन्हामुळे फेच करताना तुमच्या न पाठवलेल्या नोट्सचा रेफ सर्व्हरच्या प्रतीवर जाऊन बसतो. बागेत बसून लिहिलेलं असं नजरेआड होणं मला अजिबात मान्य नाही. सर्व्हरच्या नोट्स `रेफ्स/नोट्स/ओरिजिन/*` मध्ये उतरवा आणि मग `गिट नोट्स मर्ज` करून त्या तुमच्या नोट्सशी एकत्र करा.

नोट्सच्या रेफला स्वतःचा कमिट-इतिहास असतो. दोघांनी वेगवेगळं लिहिलं तर पुश नाकारलं जातं, पण त्याच इतिहासात कोणी कधी काय लिहिलं तेही कळतं. एक्सेलच्या फिरत्या प्रतींत हे कुठे कळत होतं?

प्रतिसाद ३

रिबेस करत (कमिट नव्या पायावर पुन्हा रचत) असाल तर `नोट्स.रीराइटरेफ` सेट करा. नाहीतर नवा हॅश तयार होतो आणि नोट जुन्याच कमिटपाशी राहते. चेरी-पिकमध्ये (एखादं कमिट उचलून दुसरीकडे लावताना) मात्र ती या सेटिंगनेही येत नाही.

प्रश्नकर्ती

यंत्रात गेलेल्या कमिटवर आम्ही रिबेस करतच नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही. मर्जला कोणती पद्धत लावू? ‘कॅट_सॉर्ट_युनिक’ची शिफारस वाचली.

प्रतिसाद १

ती दोन्हीकडच्या ओळी एकत्र करून क्रमाने लावते आणि दुहेरी ओळी काढते. पण हे ओळीओळीने होतं, तेव्हा चार ओळींचा निकाल लिहिलात तर त्या विखुरतील. एक निकाल एकाच ओळीत लिहा. आधी वर्ष, महिना, दिवस, मग यंत्राचा क्रमांक, मग निरीक्षण. म्हणजे मर्जनंतर नोंदी आपसूक तारखेच्या क्रमाने लागतील.