मुंबई–न्यूयॉर्क: साडेसहा तास की सोळा?

नंदूकाका: सुलूताईचं तिकीट बघितलं. मुंबईहून पहाटे 2:00, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 8:30. साडेसहा तास?? मडगावला जायला कोकणकन्या याहून जास्त घेते 😄

मुग्धा: काका, दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या आहेत. ऑक्टोबरात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. साडेसहा आणि साडेनऊ, झाले 16.

नंदूकाका: बरं. पण अंतर साधारण 12,500 किमी, विमानाचा वेग ताशी 900. भागाकार 14 च्या आत येतो. वरचे दोन तास कुणाच्या खात्यात?

अभय (जर्सी सिटी): मामा, 12,500 म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. तो दोरा पाकिस्तान, रशिया करत थेट आइसलंडवरून जातो. आता पाकिस्तानचं आकाश एप्रिल 2025 पासून आपल्या विमानांना बंद, आणि अमेरिकन कंपन्यांना 2022 पासून रशियाचं. वळसा आलाच. शिवाय रनवेच्या रांगेत ताटकळणंही तिकिटावरच्या वेळेत धरलेलं असतं. वर वारा समोरून.

सुलूआत्या: एवढ्या उंचावर कसला वारा?

अभय: आई, खरा वारा तिथेच. जेट स्ट्रीम म्हणतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात ताशी 200 किमीच्या वरही जातो. जाताना तोंडावर, येताना पाठीशी. म्हणून तुझं परतीचं विमान दीड तास कमी घेतंय.

नंदूकाका: कुठे कमी? नोव्हेंबरअखेर सकाळी 11:30 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12:30 ला मुंबईत. 25 तास!

मुग्धा: त्यातून साडेदहा वजा करा.

नंदूकाका: मघाशी साडेनऊ होते ना!

मुग्धा: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात. उरले साडेचौदा 🙏

तन्मय (सॅन होजे): वाऱ्याची खरी गंमत आमच्या बाजूला. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून यायचं. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने ते पॅसिफिकवरून आणलं. अंतर हजारावर किलोमीटर वाढलं आणि वेळ उलट कमी झाला!

नंदूकाका: म्हणजे लांबून गेलं की लवकर. आमच्या रिक्षावाल्याला कळवू नका 😂

सुलूआत्या: तुमचं गणित झालं असेल तर मला एवढंच सांगा, सकाळची थायरॉइडची गोळी कुठल्या सकाळी घ्यायची?

मुग्धा: आत्या, उद्या तिकीट घेऊनच डॉक्टरांकडे जाऊ. त्या वेळा लिहून देतील. आणि गोळ्या हँडबॅगेतच ठेव, मोठ्या बॅगेत टाकू नकोस.

नंदूकाका: सुलूताई, सीट खिडकीचीच घे हो.

सुलूआत्या: आणि बाथरूमला जाताना दर वेळी दोघांना उठवू? काही नको. कडेची घे रे अभय.

अभय: कडेचीच घेतलीय. बाथरूमपासून चार रांगा सोडून. अगदी लगतची नको, रात्रभर दार आपटत राहतं.