दहा मिनिटांचे भागही आहेत की

अर्थशास्त्राचे पॉडकास्ट लांबलचक असतात, बसमध्ये ऐकायला घेतले तर निम्म्यावरच उतरायचं ठिकाण येतं, असं इथे एकानं म्हटलंय. अमित वर्मांच्या 'द सीन अँड द अनसीन' या पॉडकास्टपुरतं ते खरंच. त्याचे काही भाग निपाणीहून बेळगावला जाऊन परत आलं तरी संपत नाहीत. पण टिम हार्फर्डची बीबीसीवरची '५० थिंग्ज दॅट मेड द मॉडर्न इकॉनॉमी' ही मालिका बघा. एका भागात एकच वस्तू, साधारण दहा मिनिटं. मी निपाणीहून कागल एमआयडीसीला जातो. कोगनोळी टोलनाक्यावर रांग लागली तर दोन भाग सहज होतात. कंटेनरवरचा भाग नेमका तिथेच ऐकला, खिडकीला लागून कंटेनरच उभा! १९५६ साली माल्कम मॅकलीननं असे ५८ पेटारे एका जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले आणि मालवाहतूक कायमची स्वस्त झाली. इंग्रजीचा कंटाळा असेल तर हिंदीत 'पुलियाबाजी' आहे, गप्पांच्या ओघात बरंच कळून जातं.

आपल्या सीमाभागावरचा भाग मात्र अजून माझ्या ऐकण्यात नाही. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर, त्यावरचा विक्रीकर ज्या-त्या राज्याचा, त्यामुळे दर वेगळे. म्हणून तर कोल्हापूर पासिंगच्या गाड्या आपल्याकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या पंपांवर टाकी फुल्ल करून मगच परत फिरतात. मराठीत कुणी असं काही करत असेल तर नाव टाका, उद्याच्या बसमध्ये लावतो.