ओव्हरक्लॉकनंतर पीसी चालू होईना, पंखे नुसते फिरायलेत

प्रश्न (वडगाव, बेळगाव):
रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे. काल वेग वाढवायला (ओव्हरक्लॉक) बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, सगळे कोर ४.४ गिगाहर्ट्झवर नेले, ३२०० ची रॅमही ३६०० वर. तेव्हापासून स्क्रीन काळी, बोर्डावर डीरॅमचा (रॅमची अडचण दाखवणारा) दिवा पेटूनच राहतोय. वहिनीची साड्यांची डिझाइनं सगळी याच डिस्कवर आहेत. ती जातील काय?

उत्तर (खानापूर):
भाऊ, डिस्कला काही होत नाही, आधी वहिनींना तेवढं सांगा. बोर्डावरच्या सीमॉस नावाच्या छोट्या मेमरीत फक्त बायोसच्या सेटिंग्ज असतात, त्याच पुसायच्या. वायर काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा. मग बोर्डावरचा गोल सीआर२०३२ सेल काढून दहा मिनिटांनी बसवा. बऱ्याचदा तो ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असतो. कार्ड ओढण्याआधी स्लॉटची खिट्टी दाबा, नाहीतर ती तुटते. नंतर पहिली स्क्रीन यायला वेळ लागतो. घाईनं बंद करू नका.

उत्तर (निपाणी):
तरीही नाही झालं तर रॅमची एकच स्टिक ठेवून बघा. आणि मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, रायझन ३६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही.

वडगाव:
सेल काढून बसवला, चालू झाला! तारीख तेवढी चुकलेली, डिझाइनं जशीच्या तशी. लई आभारी आहे. परत ४.४ करून बघू काय?

खानापूर:
नको. कंपनीचा बूस्टच (आपोआप वाढणारा वेग) ४.२ पर्यंत आहे, आणि तोही सगळ्या कोरवर एकदम मिळत नाही. एक्सएमपी (रॅमच्या ठरलेल्या वेगाची सेटिंग) चालू करून रॅम ३२०० वर आणा, प्रोसेसर ऑटोवर ठेवा. डिझाइनं आजच पेनड्राइव्हवर घ्या की.