गव्हाच्या ओंब्या चांगल्या होत्या पण दाणा पोचट, उन्हामुळे झालं का?

सिन्नरचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी, दोन एकर लोकवन गहू होता. परतीचा पाऊस हटेना म्हणून सोयाबीन काढायला उशीर, मग वाफसा येईना (जमीन पेरण्याइतकी सुकेना), असं करत पेरणी गेली 8 डिसेंबरवर. फेब्रुवारी संपता संपता असलं ऊन पडलं की चिकातला, म्हणजे दाण्यात अजून दूधच असलेला गहू आठ दिवसांत पिवळा. काल हार्वेस्टर लावला तर एकरी 9 क्विंटल, एरवी 14-15 निघतात. पाणी दिलंय, खत दिलंय. दुकानदार म्हणतो खत कमी पडलं. खरं काय?

रब्बीवाला:
दादा खताचा दोष नाय हा. गव्हाला दाणा भरताना थंडी लागते. तेव्हा उष्णता वाढली की पीक घाईने पिकतं, दाणा भरायचे दिवसच कमी होतात, आणि रात्री पण गरम असेल तर दिवसभर तयार केलेलं अन्न झाड श्वसनातच संपवतं. त्यात तुमची पेरणी उशिरा. 15 नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल घट धरतात, ऊन लवकर आलं तर त्याहून जास्त.

पुण्याची_मीनल:
मी शेती करत नाही पण 2022 आठवलं. त्या वर्षीचा मार्च देशात 1901 पासूनचा सगळ्यात गरम होता, पंजाब हरियाणात हेच झालं. सरकारने आधी गव्हाच्या उत्पादनाचा 11 कोटी टनांच्या वर अंदाज दिलेला तो खाली आणावा लागला, 13 मेला निर्यात बंद केली आणि सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी. काही राज्यांत रेशनवर गव्हाऐवजी तांदूळ दिला. आमच्या कामवाल्या मावशींची पोरं भाकरी-चपातीवर वाढलेली, रेशनचा गहू कमी आला की त्या दुकानातून महाग घेतात. म्हणजे तुमच्या शेतातला पोचट दाणा शेवटी त्यांच्या ताटात दिसतो.

सिन्नरचा_शेतकरी:
ताई खरंय, आणि निर्यात बंद झाली की आमचा पण भाव पडतो, दोन्हीकडून मार. रब्बीवाले भाऊ, पुढच्या साली काय करू? पाऊस लांबला तर पेरणी पुढे जाणारच की.

रब्बीवाला:
सोयाबीनचं लवकर येणारं वाण घ्या, तिथेच पंधरा दिवस वाचतात, माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच. उशीर झालाच तर निफाडच्या संशोधन केंद्राचं फुले समाधान हे गव्हाचं वाण बघा, वेळेवर आणि उशिरा दोन्ही पेरणीला चालतं. पेरणीनंतर 80-85 दिवसांचं पाणी चुकवू नका, हलकं द्या, संध्याकाळी, वारं नसताना, नाहीतर गहू लोळतो.

नाशिक_रोड_दाजी:
मी समाधान तीन वर्षं लावतोय. बियाणं दिवाळीआधीच आणून ठेवा, नंतर मिळत नाही.